उगमकथा आणि साक्ष : नांदेडच्या विद्यापीठाच्या इतिहासलेखनाविषयी

मराठीत संस्थांच्या इतिहासाचे लेखन विपुल आहे. शाळेचा रौप्यमहोत्सव असो, महाविद्यालयाचा सुवर्णमहोत्सव असो वा धर्मग्रामाची शताब्दी असो, एक समिती नेमली जाते, जुनी छायाचित्रे गोळा होतात, मान्यवरांचे शुभसंदेश मागवले जातात आणि समारंभाच्या दिवशी एक जाडजूड स्मरणिका प्रकाशित होते. या लेखनाकडे वाङ्मयसमीक्षेने सहसा पाहिलेले नाही. ते ललित नाही म्हणून समीक्षकाने त्याला बाजूला ठेवले आणि ते गौरवपर आहे म्हणून इतिहासकाराने त्याच्याकडे पाठ फिरवली. परिणामी ज्या लेखनातून सामान्य वाचकाला आपल्या संस्थांचे मूळ कळते, त्याच लेखनाची कसून तपासणी कोणी केली नाही.

प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली अशा चार जिल्ह्यांची महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाचे वय संस्थांच्या मानाने फार नाही. स्थापनेचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत, कागदपत्रे शोधली तर सापडतील अशी आहेत. असे असताना या विद्यापीठाचा उगम कोणी संशोधक लिहावयास बसला, तर त्याच्यासमोर कोणत्या अडचणी उभ्या राहतील आणि त्याने कोणत्या परंपरेकडे पाहावे, हा येथे प्रश्न आहे.

स्मरणिकेचे व्याकरण

संस्थेतिहासाची भाषा लक्षपूर्वक वाचली, तर तिची काही ठरावीक लकब ध्यानात येते. ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची गैरसोय लक्षात घेऊन विद्यापीठ स्थापन करण्यात आले’, ‘जनतेची दीर्घकालीन मागणी मान्य करण्यात आली’, या धाटणीची वाक्ये आपल्याला सर्वत्र भेटतात. या वाक्यांत असत्य काही नसते. परंतु त्यांत कर्ता नसतो. कोणी गैरसोय लक्षात घेतली, कोणी मागणी केली, कोणी विरोध केला, मान्य करण्यास इतकी वर्षे का लागली आणि त्या वर्षांत काय घडले, यांतील एकही गोष्ट कर्मणी वळणाच्या त्या सुबक वाक्यातून बाहेर पडत नाही. कर्ता लपला की जबाबदारीही लपते, आणि ज्याने किंमत मोजली तोही लपतो.

नांदेडच्या विद्यापीठाबाबत असे एक वाक्य सहज लिहिता येते: औरंगाबादच्या विद्यापीठावरील भार कमी व्हावा म्हणून त्याचे विभाजन करण्यात आले आणि दक्षिण मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ निर्माण करण्यात आले. प्रशासकीय दृष्टीने ते बरोबर आहे. मुखेड, देगलूर वा निलंग्याच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतील एका दुरुस्तीसाठी औरंगाबाद गाठावे लागणे हा अन्यायच होता. पण याच वाक्यावर इतिहास थांबला, तर १९९४ च्या जानेवारीतील एक दिवस आणि १९७८ च्या पावसाळ्यातील काही दिवस त्यातून पूर्णपणे गळून जातात. त्या दिवसांकडे आपण पुढे वळू. त्याआधी उगम लिहिण्याच्या दोन परंपरांचा विचार करणे आवश्यक आहे.

माहात्म्य आणि लीळाचरित्र

आपल्याकडे कोणत्याही क्षेत्राचे एक माहात्म्य असते. नदीकाठच्या गावाला, डोंगरावरच्या देवळाला, एखाद्या कुंडाला पुराणकाळातील कोणा ऋषीचा किंवा देवतेचा स्पर्श झालेला असतो. माहात्म्याचा हेतू श्रोत्याची श्रद्धा दृढ करणे हा असतो. काय घडले याची छाननी करणे हे त्याचे काम नव्हे. ते प्रामाणिकपणे आपले काम करते आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. दोष तेव्हा उत्पन्न होतो, जेव्हा माहात्म्य इतिहासाचा वेश घेऊन येते. संस्थांच्या स्मरणिका बहुतांशी अशी वेषांतरित माहात्म्ये असतात. ऋषीच्या जागी संस्थापक येतो, कुंडाच्या जागी कोनशिला.

परंतु मराठी गद्याचा आरंभ या परंपरेतून झालेला नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते श्रीचक्रधरांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून. म्हाइंभट भक्त होते, तटस्थ नव्हते. तरीही प्रसंग कोठे घडला, कोणासमोर घडला, कोणी सांगितला याची त्यांना फिकीर होती. मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, तेव्हा स्मरणात जो फरक पडला तो पाठभेदांच्या रूपाने जपला गेला. एकाने असे सांगितले, दुसऱ्याने तसे सांगितले, अशी नोंद ठेवण्यात त्या परंपरेला कमीपणा वाटला नाही. ‘स्थानपोथी’त तर स्थळांची दिशा आणि जागा यांचा तपशील आहे.

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे एक पूज्य स्थान आहे. म्हणजे ज्या भूमीतील विद्यापीठाचा इतिहास लिहावयाचा, त्या भूमीच्या परिचयाची एक पद्धती सातशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे: साक्षीदाराकडे स्वतः जावे, त्याचे नाव राखावे, आणि साक्षी जुळत नसतील तर त्या ओढूनताणून जुळवू नयेत. भक्ती आणि छाननी एकत्र नांदू शकतात, हा त्या ग्रंथाचा धडा होय.

फादर डेनिफ्ले यांचे उदाहरण

युरोपातही विद्यापीठांच्या उगमकथा माहात्म्याच्या मार्गानेच गेल्या होत्या. बोलोन्याच्या विद्यापीठाजवळ सम्राट थिओडोसियसच्या नावाची एक सनद होती. तिच्यानुसार विद्यापीठाची स्थापना पाचव्या शतकात झाली होती. सनद बनावट होती. तेराव्या शतकात कोणीतरी ती तयार केली होती. आज जगभर सांगितले जाणारे १०८८ हे वर्षही एखाद्या स्थापनापत्रातून आलेले नाही. १८८८ मध्ये आठवी शताब्दी साजरी करावयाची म्हणून कवी कार्दुच्ची यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते निश्चित केले. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तर नवव्या शतकातील राजा आल्फ्रेड हा आपला संस्थापक असल्याचे चौदाव्या शतकात एका दाव्याच्या कामी सांगितले. १७२७ मध्ये न्यायालयानेही ते उचलून धरले. पुढच्याच वर्षी, १७२८ मध्ये, त्याच महाविद्यालयातील विल्यम स्मिथ यांनी ग्रंथ लिहून दाखवून दिले की तेराव्या शतकातील डरहॅमचे विल्यम नावाचे एक धर्मपंडित मृत्युपत्राने ३१० मार्क ठेवून गेले, त्यातून ही संस्था उभी राहिली. तरीही १८७२ मध्ये महाविद्यालयाने आपली सहस्राब्दी साजरी केलीच. कथेचे आयुष्य पुराव्याच्या आयुष्यापेक्षा मोठे असते, असे यावरून दिसते.

या गोंधळात शिस्त आणणाऱ्यांत एका धर्मगुरूचे नाव अग्रभागी आहे. टायरोलमध्ये १८४४ साली जन्मलेले डॉमिनिकन फादर हाइनरिक डेनिफ्ले व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात उपदप्तरदार होते. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ मध्ये तो दप्तरखाना संशोधकांना खुला केला आणि १८८३ मध्ये कार्डिनलांना लिहिलेल्या पत्रात, सिसेरोचा आधार घेऊन, इतिहासकाराने असत्य सांगण्यास धजू नये आणि सत्य सांगण्यास भिऊ नये, असा दंडक घालून दिला. फादर डेनिफ्ले यांचा मध्ययुगीन विद्यापीठांच्या उगमावरील ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर एमिल शातलँ यांच्या सहकार्याने त्यांनी पॅरिस विद्यापीठाच्या मूळ कागदपत्रांचा संग्रह १८८९ ते १८९७ या काळात छापून काढला.

त्या संग्रहातील जुन्या कागदांनी जी गोष्ट उघड केली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. पॅरिसच्या विद्यापीठाला संस्थापक नाही. कॅथीड्रलच्या छायेत शिकवणारे गुरुजन एकत्र येत गेले आणि त्यांचा संघ बनला. परंतु त्या संघाला राजसत्तेची आणि धर्मसत्तेची जी महत्त्वाची मान्यतापत्रे मिळाली, ती एकेका रक्तपातानंतर मिळाली. इ. स. १२०० मध्ये नगराधिकाऱ्याच्या माणसांनी विद्यार्थ्यांवर हल्ला केला, त्यात काही विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर राजा फिलिप ऑगस्टसने संरक्षणाची सनद दिली. १२२९ मध्ये पुन्हा दंगल झाली, विद्यार्थी मारले गेले, गुरुजनांनी पाठ बंद केले आणि ते गावोगाव पांगले. त्यानंतर दोन वर्षांनी, १२३१ मध्ये, पोप ग्रेगरी नववे यांनी विद्यापीठाच्या हक्कांना मान्यता देणारे आज्ञापत्र काढले. समारंभात मिरवावयाची ही पत्रे मुळात तंट्यांचे निवाडे आहेत. त्यांचा खरा अर्थ लावावयाचा तर ज्यांच्या मृत्यूमुळे ती लिहिली गेली, त्यांच्यापर्यंत मागे जावे लागते.

फादर डेनिफ्ले यांच्या कार्याचा गौरव करताना एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. विद्यापीठांविषयी लिहिताना ज्या संयमाने ते कागदाच्या मागे उभे राहिले, तो संयम १९०४ च्या ल्यूथरविषयक ग्रंथात त्यांना राखता आला नाही. तेथे पांडित्य अफाट आहे, पण लेखणीला वादाची धार चढली आहे. दप्तर हाताशी असले म्हणजे न्यायबुद्धी आपोआप येते असे नाही, हे त्यांच्याच उदाहरणावरून शिकावे. आपल्या घराबद्दल लिहिताना आणि दुसऱ्याच्या घराबद्दल लिहिताना तराजू एकच असावा लागतो.

उस्मानियापासून १९५० पर्यंत

आता नांदेड आणि लातूरकडे वळू. मराठवाड्याचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे विद्यापीठ म्हणजे १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून विद्यापीठीय ज्ञान देण्याचा तो भारतातील एक धाडसी प्रयोग होता आणि त्याच्या भाषांतर विभागाने केलेले काम थोर होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण मराठवाड्यातील मराठी मुलाच्या दृष्टीने ती भाषा आपली नव्हती. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केला. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. मराठवाड्याच्या विद्यापीठीय आकांक्षेचा आरंभ शोधावयाचा तर नागपूरच्या दिशेने गेलेल्या त्या बहिष्कृत मुलांचा माग काढावा लागेल.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर जे घडले, ते अधिक अर्थपूर्ण आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यात झाले. त्याच १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीने नांदेडला महाविद्यालय काढले. त्यामागची प्रेरणा स्वामी रामानंद तीर्थ यांची होती, आणि त्या महाविद्यालयाचे नाव पीपल्स कॉलेज. एकाच वर्षी, एकाच मागास प्रदेशात, दोन वेगळ्या चळवळींच्या दोन नेत्यांशी जोडलेल्या दोन संस्था उभ्या राहिल्या आणि दोन्हींच्या नावांत एकच शब्द होता: पीपल्स, म्हणजे लोकांचे. एकाने अस्पृश्यतेच्या विरुद्ध आयुष्य वेचले होते, दुसऱ्याने संस्थानी एकतंत्राच्या विरुद्ध. आंबेडकर कायदेपंडित, स्वामीजी संन्यासी. तरीही लोकांच्या मुक्तीचा मार्ग महाविद्यालयाच्या दारातून जातो, ही श्रद्धा दोघांची एकच होती. स्वामीजी तर मुळात शिक्षकच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, त्यांनी वर्गात उभे राहून मुले घडवली, आणि मग ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे सेनानी झाले.

पुढे १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याची महाविद्यालये उस्मानियाच्या छत्रातून बाहेर पडणे क्रमप्राप्त झाले. न्यायमूर्ती पळणिटकर यांच्या समितीच्या शिफारशीनंतर मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नांदेडच्या विद्यापीठाचा इतिहास लिहिणाऱ्याने १९९४ पासून आरंभ केला, तर १९५० मधील या दोन ‘पीपल्स’ संस्थांची भेट त्याला कधीच दिसणार नाही. आणि ती दिसली नाही, तर पुढचा संघर्ष दोन महापुरुषांच्या नावांमधला होता असा विपरीत ग्रह वाचकाच्या मनात कायमचा रुजेल.

१९७८ ते १९९४

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जी हिंसा उसळली, तिचा मोठा आघात नांदेड जिल्ह्यातील खेड्यांनी सोसला. दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, कुटुंबे परागंदा झाली. ४ ऑगस्ट १९७८ रोजी त्या वेळच्या बिलोली तालुक्यातील टेंभुर्णी गावी मातंग समाजातील पोचीराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. अत्याचार विरोधी समितीने गावोगाव फिरून या दंगलींचा अहवाल सिद्ध केला आणि तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. ठराव तसाच राहिला आणि वर्षे लोटत राहिली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी, औरंगाबादच्या विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे झाले. ठराव आणि अंमलबजावणी यांत साडेपंधरा वर्षांचे अंतर पडले. योगायोग असा की, दोन्ही वेळी मुख्यमंत्री शरद पवार हेच होते.

या तोडग्याचाच दुसरा भाग म्हणजे नांदेडचे विद्यापीठ. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम २२ जुलै १९९४ पासून अंमलात आला आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, नव्या विद्यापीठाचा जन्म झाला. त्याला स्वामीजींचे नाव दिले गेले. दोन्ही नावे शेजारी ठेवून वाचली, तर शासनाची भाषा स्पष्ट होते. दोन्ही नावांच्या आरंभी एक व्यक्ती आहे आणि दोन्हींत ‘मराठवाडा’ हा शब्द कायम आहे. ज्यांना प्रदेशाची अस्मिता पुसली जाईल अशी भीती होती, त्यांना तो शब्द राखून दिला. ज्यांनी सन्मानाचा हक्क मागितला, त्यांना बाबासाहेबांचे नाव दिले. आणि मुक्तिसंग्रामाच्या परंपरेला नांदेड दिले. ही तडजोड होती, हे सांगण्यात कमीपणा नाही. पॅरिसची सनदही तडजोडच होती.

येथे संशोधकाच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी लागते. नामांतराला विरोध करणारे सगळे जाळपोळ करणारे नव्हते. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा मुक्तिसंग्रामातील तपस्वी नेता विरोधात होता. प्रदेशाच्या उपेक्षेची वेदनाही खोटी नव्हती. १९७४ च्या विकास आंदोलनात वसमतला गोळीबारात तरुणांचे बळी गेले होते. हे सर्व लिहिलेच पाहिजे. परंतु विरोधकांच्या हेतूंची शुद्धता सिद्ध करता करता जळालेल्या घरांचा उल्लेख एका उपवाक्यात उरकला, तर तो समतोल राहत नाही. सभेत भाषण करणाऱ्याचे मत आणि वस्तीत जाळल्या गेलेल्या माणसाचे मरण ही एकाच मापाने मोजावयाची द्रव्ये नव्हेत. मतभेद दोन बाजूंचा असतो. हत्येला तशा दोन बाजू नसतात.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब १९५६ मध्ये गेले, स्वामीजी १९७२ मध्ये. ज्या दोन नावांवरून माणसे परस्परांपासून दुरावली, त्या दोघांनाही या वादात आपले म्हणणे मांडण्याची संधी नव्हती. १९५० मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयांच्या भिंती हीच या प्रकरणी त्यांची साक्ष आहे.

सतरा सप्टेंबरचा अर्थ

स्थापनेची तारीख हा संशोधकाने निमूटपणे उतरवून घ्यावयाचा तपशील नसतो. ती निवडलेली असते आणि निवडीला अर्थ असतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. रझाकारांच्या अत्याचारांनी गांजलेल्या मराठवाड्याला तो दिवस सुटकेचा वाटला आणि तसा तो होताच. स्वामीजींचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने तो दिवस आपला मानावा, हे सर्वथा उचित आहे.

पण त्याच दिवसाच्या मागे-पुढे याच प्रदेशात आणखी काही घडले. केंद्र शासनाने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळाने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे मुसलमानांच्या हत्यांनी सर्वाधिक पीडित असल्याचे नमूद आहे. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर शहरात सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे मंडळाला आढळली. हजारांहून अधिक मारली गेली होती, उरलेली पळून गेली होती. मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. हा अहवाल दीर्घकाळ बंदिस्त राहिला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना उपलब्ध झाला.

विद्यापीठाच्या इतिहासात याचे काय काम, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. लातूर आणि नांदेडच्या ज्या घरांतून विद्यार्थी या विद्यापीठात येतात, त्यांतील काही घरांत सतरा सप्टेंबरला झेंडा लागतो आणि त्याच घरांत त्या दिवसांविषयी बोलताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज खाली येत असे. रझाकारांच्या जुलमाची आठवण सांगणारा आणि नंतरच्या सूडाची आठवण सांगणारा, असे दोघेही एकाच विद्यापीठाचे नागरिक आहेत. संशोधकाने एकाची साक्ष घेऊन दुसऱ्याला दारातून परत पाठवू नये.

घरातला इतिहासकार

हे काम कोणी करावे? विद्यापीठाच्या आतल्या माणसाने की बाहेरच्या? या संदर्भात मराठवाड्याच्याच इतिहासातील एक व्यक्ती आठवते. मुंबई विद्यापीठाची शंभर वर्षे १९५७ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा त्याचा इतिहास लिहिला तो सुंदरराव डोंगरकेरी यांनी. ते त्या विद्यापीठाचे दीर्घकाळ कुलसचिव होते. पुढच्याच वर्षी ते मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. एका विद्यापीठाचा उगम लिहून हातावेगळा करतो न करतो तोच दुसऱ्या विद्यापीठाचा उगम ज्याच्या हातून घडला, असे उदाहरण दुर्मीळच. घरातल्या इतिहासकाराला कपाटांच्या किल्ल्या माहीत असतात. कोणत्या ठरावामागे कोणते भांडण होते, हे त्याला ठाऊक असते. त्याची अडचण एवढीच की, ज्यांच्यासोबत त्याने चहा घेतला त्यांच्याविषयी त्याला लिहावयाचे असते. बाहेरच्या संशोधकाला हा संकोच नसतो, परंतु किल्लीही नसते.

नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा त्यांनी मराठी वाचकांना परिचय करून दिला होता आणि दलित साहित्याशी त्याचे नाते त्यांना चांगले उमगलेले होते. नामांतराच्या वणव्यातून निघालेल्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी वंशभेदाच्या वाङ्मयाचा अभ्यासक असावा, हा योग संशोधकाने केवळ चरित्रटीप म्हणून सोडून देऊ नये. शिवाय, विद्यापीठ नांदेडला आणि पहिला कुलगुरू लातूरचा, या व्यवस्थेत दोन शहरांमधील जुन्या चढाओढीचे भानही दिसते. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली होती. त्यानंतर वर्षभराच्या आत हे विद्यापीठ आले. शोक आणि अपेक्षा यांचे ते विलक्षण वर्ष होते.

साधनांचा विचार केला तर विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तान्त, राजपत्रे, औरंगाबादच्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे आणि नांदेडच्या ‘प्रजावाणी’चे जुने अंक, महाविद्यालयांच्या नियामक मंडळांची इतिवृत्ते, पोलीस ठाण्यातील फिर्यादी आणि न्यायालयांचे निकाल ही लेखी साधने झाली. त्यांचा क्रम लावणे कष्टाचे असले तरी शक्य आहे. कठीण आहे ती दुसरी साधने. १९७८ मध्ये ज्याचे वय पंचवीस होते, तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. ज्या मुलीची पुस्तके घरासोबत जळाली, जो शिक्षक त्या रात्री वस्तीत पोहोचला, ज्या विद्यार्थ्याने विरोधाच्या मोर्चात दगड उचलला आणि ज्याला पुढे त्याची खंत वाटली, अशा माणसांची साक्ष कोणत्याही राजपत्रात नाही. म्हाइंभटांचा मार्ग धरून त्यांच्या अंगणात जावे लागेल. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवावे लागतील. मराठवाडी बोलीतील ‘लई भेव वाटलं’ याचे प्रमाण मराठीत ‘भीतीचे वातावरण निर्माण झाले’ असे रूपांतर केले की साक्षीदार नाहीसा होतो आणि आपण पुन्हा स्मरणिकेच्या व्याकरणात येऊन पडतो.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राचार्य असलेले नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आत, गेले. मुक्तिलढ्याचा अभिमान बाळगूनही त्याच्याविषयी अवघड प्रश्न विचारता येतात, हे त्यांच्या हैदराबादविषयक लेखनाने दाखवून दिले होते. नांदेडच्या विद्यापीठाचा इतिहास त्या वृत्तीने लिहिला जाणे अगत्याचे आहे. नांदेड-लातूर मार्गावर विष्णुपुरीजवळ असलेल्या या विद्यापीठाचा परिसर ‘ज्ञानतीर्थ’ या नावाने ओळखला जातो. तीर्थाला माहात्म्य असावे, याला कोणाची हरकत नाही. पण ज्ञानाच्या तीर्थाला आणखी काही लागते. आपल्या प्रवेशद्वारावर स्वामीजींचे नाव आहे ते कोणत्या मार्गाने आले, हे तेथील विद्यार्थ्याला विद्यापीठाच्याच ग्रंथालयात, विद्यापीठानेच प्रसिद्ध केलेल्या इतिहासात वाचावयास मिळाले पाहिजे. आणि त्या पानांवर कुलगुरूंच्या यादीइतक्याच ठळक अक्षरांत पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे ही नावे असली पाहिजेत. तसा ग्रंथ लिहिणाऱ्याला गौरवसमिती कदाचित व्यासपीठावर बोलावणार नाही. तरीही असा संशोधक या चार जिल्ह्यांतूनच पुढे यावा आणि साक्षीदार हयात आहेत तोवर यावा, अशी अपेक्षा बाळगणे भाग आहे.